९५० डॉलरची दंतकथा

‘कॅलिफोर्नियात ९५० डॉलरपर्यंतची चोरी माफ आहे’, हे वाक्य गेली काही वर्षं सॅन होजेपासून सोलापूरपर्यंत सारख्याच खात्रीने बोललं जातं. सुट्टीवर घरी आलेला इंजिनिअर ते सांगतो, ऐकणारे मान डोलावतात आणि मग पुढचं वाक्य येतं: तिथल्या सरकारने फेलनीचं मिसडिमीनर करून टाकलं, म्हणजे गंभीर गुन्हा किरकोळ ठरवला आणि चोर मोकाट सुटले. यातलं पहिलं वाक्य साफ खोटं आहे. दुसऱ्यात एक तथ्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. दोन्हींचा समाचार घेणं गरजेचं आहे, कारण २०२४ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी याच समजुतीच्या आधारावर कायदा फिरवला. त्याची किंमत जी माणसं मोजणार आहेत, त्यांची बाजू मांडायला फारसं कुणी उभं राहत नाही.

आधी कायदा काय आहे ते पाहू. अमेरिकेत गुन्ह्यांचे ढोबळ दोन वर्ग आहेत. ज्याला एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकते ती फेलनी. ज्याला काउंटीच्या तुरुंगात फार तर वर्षभर ठेवता येतं ते मिसडिमीनर. नोव्हेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव ४७’ सुमारे ६० टक्के मतांनी मंजूर केला. स्वतःच्या वापरापुरते अमली पदार्थ जवळ बाळगणं, आणि ९५० डॉलरपर्यंतची चोरी, बनावट चेक, चोरीचा माल घेणं असे गुन्हे त्याने मिसडिमीनर ठरवले. खून, बलात्कार यांसारख्या अतिगंभीर गुन्ह्यांत पूर्वी दोषी ठरलेल्यांना ही सवलत मिळणार नव्हती. दुकानातून ५०० डॉलरचा माल उचलणाऱ्याला आजही सहा महिने कैद आणि हजार डॉलर दंड होऊ शकतो. ज्याला सहा महिने कैद होऊ शकते, त्या गुन्ह्याला ‘माफ’ म्हणणाऱ्याने कायद्याचं कलम उघडूनही पाहिलेलं नसतं.

९५० हा आकडाही प्रस्ताव ४७ चा नाही. किरकोळ चोरी आणि मोठी चोरी यांच्यातली सीमा १९८२ पासून ४०० डॉलर होती. राज्याच्या विधिमंडळाने ती २०१० च्या सुमारास ९५० वर नेली. जवळजवळ तीन दशकांत वाढलेल्या महागाईचा हा हिशेब होता. गुन्हेगारीबाबत कडक म्हणून नावाजलेल्या टेक्सासमध्ये २०१५ पासून ही सीमा २,५०० डॉलर आहे. कॅलिफोर्नियाच्या अडीचपटीहून जास्त! टेक्सासमध्ये अडीच हजारांपर्यंतची चोरी माफ आहे, असं मात्र कुणी म्हणताना आढळत नाही. प्यू या संशोधन संस्थेने २०१७ साली ३० राज्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००० ते २०१२ या काळात या राज्यांनी ही सीमा वाढवली होती. तिथे मालमत्तेच्या गुन्ह्यांवर किंवा चोऱ्यांवर त्या वाढीचा परिणाम झाल्याचं दिसलं नाही.

मग ते व्हिडिओ? नोव्हेंबर २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमधलं लुई व्हिटॉनचं दुकान फोडून टोळक्याने बॅगा पळवल्या, दुसऱ्याच रात्री वॉलनट क्रीकच्या नॉर्डस्ट्रॉममध्ये झुंड घुसली, ही दृश्यं जगभर फिरली आणि प्रत्येक वेळी त्यांच्याखाली प्रस्ताव ४७ ला शिव्या होत्या. पण प्रस्ताव ४७ ने फक्त उघड्या दुकानातून, कामकाजाच्या वेळेत, मर्यादित किमतीचा माल उचलण्याला मिसडिमीनर केलं. बंद दुकान फोडणं घरफोडीच्या कलमात मोडतं. बळाचा किंवा धाकाचा वापर झाला की तो दरोडा, मग माल दहा डॉलरचा का असेना, आणि दरोडा ही सरळ फेलनी आहे. संगनमताने टोळी करून दुकानं लुटण्यासाठी २०१८ मध्ये वेगळं कलम आलं, त्यातही फेलनी लावता येते. लोकांना ज्या दृश्यांनी अस्वस्थ केलं, ती दृश्यं या सवलतीच्या कक्षेतच नव्हती.

व्यापाऱ्यांच्या संघटनांनीही या भीतीत भर घातली. अमेरिकेच्या नॅशनल रिटेल फेडरेशनने एका अहवालात असा दावा केला की, २०२१ मध्ये दुकानांना झालेल्या ९४.५ अब्ज डॉलरच्या मालतुटीपैकी जवळजवळ निम्मी संघटित चोरीमुळे झाली. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना हा दावा मागे घ्यावा लागला. मालतुटीत कर्मचाऱ्यांच्या चोऱ्या, हिशेबातल्या चुका, खराब झालेला माल असं सगळंच येतं. वॉलग्रीन्स या औषधदुकानांच्या साखळीच्या अर्थप्रमुखांनीही जानेवारी २०२३ मध्ये गुंतवणूकदारांसमोर मान्य केलं की आदल्या वर्षी कंपनीने चोरीबद्दल बहुधा जरा जास्तच ओरड केली. ओरड पहिल्या पानावर छापून आली होती, कबुली आतल्या पानांवर गेली.

इतकं झाल्यावर विरोधकांच्या सगळ्यात भक्कम मुद्द्याला भिडायला हवं. तो टाळून प्रस्ताव ४७ ची बाजू घेणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्निया या संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात आढळलं की, प्रस्तावानंतर हिंसक गुन्हे वाढल्याचा खात्रीलायक पुरावा नाही. पण साध्या चोऱ्या मात्र तशाच इतर राज्यांच्या तुलनेत सुमारे ९ टक्क्यांनी, म्हणजे लाख लोकसंख्येमागे १३५ ने वाढल्या. ही वाढ खरी आहे. गल्लीच्या कोपऱ्यावर चोवीस तास दुकान चालवणाऱ्या माणसासाठी, आणि त्यांत भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत, ती आकडेवारी नसून रोजचं नुकसान आहे. त्याचा राग रास्त आहे.

प्रश्न असा की ती वाढ कशामुळे झाली. शिक्षा सौम्य झाली म्हणून, की चोर पकडला जाईनासा झाला म्हणून? त्याच संस्थेच्या पाहणीत चोरीच्या प्रकरणांचा छडा लागण्याचं प्रमाण प्रस्तावानंतर घसरल्याचं दिसतं. त्यामागे एक तांत्रिक कारण होतं. कॅलिफोर्नियात साधारणपणे मिसडिमीनर पोलिसाच्या डोळ्यांदेखत घडलं तरच त्याला अटक करता येत असे. फेलनीला ही अट नाही. दुकानदाराने फोन करायचा, पोलिसाने यायचं, कॅमेऱ्यातलं चित्रीकरण पाहायचं, आणि तरीही अटकेसाठी दुकानदारानेच ‘नागरिकाने केलेली अटक’ या तरतुदीखाली पुढे व्हायचं. रात्री दोन वाजता गल्ल्यावर एकट्या बसलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करणं चूकच होतं. हा दोष खरा होता, आणि तो अटकेच्या नियमात होता. शिक्षेची वर्गवारी न बदलताही तो दुरुस्त करता येत होता.

तो दोष दुरुस्तही झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी दुकानचोरीविषयी अनेक विधेयकांवर एकत्र सह्या केल्या. त्यांतल्या एकाने सबळ संशयावरून, प्रत्यक्ष न पाहताही, दुकानचोराला अटक करण्याचा अधिकार पोलिसांना दिला. वेगवेगळ्या दुकानांतल्या चोऱ्यांची रक्कम एकत्र मोजून ९५० च्या वर नेण्याची वाटही रुंद केली. म्हणजे जी दुरुस्ती हवी होती ती झालेली होती. तरीही तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मतदारांनी ‘प्रस्ताव ३६’ सुमारे ६८ टक्के मतांनी मंजूर केला. चोरीचे दोन पूर्वीचे गुन्हे नावावर असतील तर तिसरी चोरी, मग ती शाम्पूच्या बाटलीची का असेना, आता फेलनी म्हणून दाखल करता येते. आधीचे गुन्हे किती जुने असावेत याला मर्यादा नाही.

या यंत्राचा इतिहास कॅलिफोर्नियाने एकदा पाहिलेला आहे.

नोव्हेंबर १९९५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका व्यसनाधीन माणसाने पंधरवड्याच्या अंतराने केमार्टच्या दोन दुकानांतून व्हिडिओ कॅसेट उचलल्या: एका दुकानातून ८४.७० डॉलरच्या पाच, दुसऱ्यातून ६८.८४ डॉलरच्या चार. पूर्वीचा गुन्हा असल्यामुळे सरकारी वकिलांनी या किरकोळ चोऱ्या फेलनी म्हणून दाखल केल्या. १९९४ च्या ‘थ्री स्ट्राइक्स’ कायद्यानुसार पूर्वीच्या दोन गंभीर किंवा हिंसक फेलनी नावावर असतील तर तिसऱ्या कोणत्याही फेलनीला किमान पंचवीस वर्षं ते जन्मठेप होती. कॅसेटच्या दोन चोऱ्या मिळून झाल्या पन्नास वर्षं. दुसरा खटला २००० सालचा. एल सेगुंडोच्या गोल्फ मैदानावरच्या दुकानातून एका माणसाने प्रत्येकी ३९९ डॉलरच्या तीन गोल्फ स्टिक पँटच्या पायात लपवून नेल्या. तो लंगडत चालताना दिसला म्हणून पकडला गेला. हा गुन्हा वकिली बोलीत ज्याला ‘वॉबलर’ म्हणतात त्या प्रकारचा होता, म्हणजे फेलनीही ठरवता येईल आणि मिसडिमीनरही. बचाव पक्षाने न्यायाधीशांना तो मिसडिमीनर करण्याची विनंती केली. ती मान्य झाली असती तर कमाल शिक्षा होती काउंटी तुरुंगात एक वर्ष. न्यायाधीशांनी नकार दिला आणि शिक्षा झाली पंचवीस वर्षं ते जन्मठेप.

दोन्ही प्रकरणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. ५ मार्च २००३ रोजी, एकाच दिवशी, ‘ईविंग विरुद्ध कॅलिफोर्निया’ (गोल्फ स्टिक) आणि ‘लॉकियर विरुद्ध अँड्राडे’ (कॅसेट) या निकालांत न्यायालयाने दोन्ही शिक्षा पाच विरुद्ध चार अशा बहुमताने कायम केल्या. फेलनीचं मिसडिमीनर करण्याचा न्यायाधीशाचा अधिकार ही गुन्हेगारांना दिलेली खिरापत आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी गोल्फ स्टिकच्या खटल्यातलं हे अंतर मोजावं: एकीकडे एक वर्ष, दुसरीकडे उभा जन्म, आणि मध्ये एका न्यायाधीशाचं ‘नाही’. पुढे २०१२ मध्ये मतदारांनीच थ्री स्ट्राइक्सला वेसण घातली. त्या प्रस्तावाचा क्रमांकही योगायोगाने ३६ होता. त्यामुळे आज शाम्पूसाठी जन्मठेप होणार नाही. पण किरकोळ चोरीला जुन्या गुन्ह्याची जोड देऊन फेलनी बनवणारं जे कलम त्या कॅसेट प्रकरणाच्या मुळाशी होतं, तेच नव्या रूपात परत आलं आहे.

न्यायाधीशाचा हा अधिकार कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेच्या कलम १७ (ब) मध्ये आहे. तो लहरीवर चालत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं की, न्यायाधीशाने गुन्ह्याचं स्वरूप आणि परिस्थिती, आरोपीची गुन्ह्याकडे पाहण्याची दृष्टी, त्याचा स्वभाव आणि वर्तन, हे सगळं तोलावं आणि समाजाच्या सुरक्षिततेचा विचार करावा. प्राथमिक सुनावणीत, शिक्षा सुनावताना किंवा नंतर प्रोबेशनच्या काळात ही विनंती करता येते. वॉबलर नसलेल्या, सरळ फेलनी असलेल्या गुन्ह्यांना हा मार्ग बंद आहे, आणि ज्याला थेट राज्याच्या तुरुंगात धाडलं गेलं त्यालाही तो सहसा मिळत नाही. म्हणजे दार अरुंद आहे, आणि त्यावर पहारा आहे.

ते दार का हवं, याचं उत्तर कैदेच्या वर्षांत सापडत नाही. ते कैद संपल्यानंतरच्या आयुष्यात आहे. समाजशास्त्रज्ञ डिवा पेजर यांनी मिलवॉकी शहरात एक प्रयोग केला आणि २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकसारखं शिक्षण आणि अनुभव सांगणारे तरुण त्यांनी नोकरीच्या अर्जांसह पाठवले; फरक इतकाच की काहींच्या अर्जात अमली पदार्थांच्या फेलनीची नोंद होती. नोंद नसलेल्या गोऱ्या तरुणांपैकी ३४ टक्क्यांना मालकांकडून पुढचं बोलावणं आलं, नोंद असलेल्या गोऱ्यांपैकी १७ टक्क्यांना. नोंद नसलेल्या काळ्या तरुणांत हे प्रमाण १४ टक्के होतं, नोंद असलेल्यांत ५. शिक्षा भोगून बाहेर आलेल्या काळ्या तरुणाला शंभरातली पंच्याण्णव दारं बंद. त्याने पुन्हा चोरी करू नये अशी अपेक्षा ठेवायची, तर त्याला मजुरी मिळण्याची एखादी वाट तरी उघडी राहायला हवी. प्रस्ताव ४७ मधून सुटलेल्यांच्या बाबतीत पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्नियाला आढळलं की, त्या गुन्ह्यांतल्या लोकांचं दोन वर्षांत पुन्हा दोषी ठरण्याचं प्रमाण सुमारे ४९ टक्क्यांवरून ४६ वर आलं. सुधारणा लहान आहे. पण ‘शिक्षा सौम्य केली की गुन्हेगार सोकावतो’ या भाकिताच्या नेमकी उलट दिशेला आहे.

कडक शिक्षेचा धाक बसतो, हा सगळ्यात जुना युक्तिवाद. इटलीच्या चेझारे बेक्कारिया यांनी १७६४ मध्येच त्याला उत्तर दिलं: शिक्षा किती क्रूर आहे यापेक्षा ती चुकणार नाही याची खात्री गुन्हेगाराला थोपवते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१४ मध्ये तुरुंगवासाच्या वाढीवर मोठा अहवाल काढला, त्याचाही सूर हाच आहे. दुकानात हात घालणारा माणूस सहा महिने आणि तीन वर्षं यांचा हिशेब मांडत बसत नाही. तो बघतो कोण पाहतंय.

व्यसनाच्या बाबतीतला आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. फेलनीची टांगती तलवार असली की आरोपी उपचारांना तयार होतो, ती काढल्यावर अमली पदार्थांच्या विशेष न्यायालयांतले उपचार नाकारून लोक दोन दिवसांची कैद पत्करू लागले, असं अनेक न्यायाधीश सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. प्रस्ताव ३६ ने म्हणूनच अमली पदार्थांच्या तिसऱ्या गुन्ह्याला ‘उपचार सक्तीची फेलनी’ केली: उपचार पूर्ण करा, नाहीतर तुरुंगात जा. पण उपचार कुठे घ्यायचे? या प्रस्तावात त्यासाठी स्वतंत्र निधीची तरतूदच नाही. उलट, प्रस्ताव ४७ मुळे तुरुंगखर्चात होणारी बचत एका निधीत जात होती. त्यातला ६५ टक्के वाटा मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीला, २५ टक्के शाळा सोडू पाहणाऱ्या मुलांसाठी आणि १० टक्के गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी असे. तुरुंगात माणसं पुन्हा वाढली की ही बचत आटते. उपचारांची सक्ती करायची आणि उपचारांचेच पैसे कमी करायचे, हे धोरण व्यसनी माणसाला तुरुंगाकडेच नेतं.

तुरुंग रिकामे करण्याची ही घाई कशासाठी, असंही विचारलं जातं. त्याचं उत्तर २०११ च्या ‘ब्राउन विरुद्ध प्लाटा’ निकालात आहे. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट कैदी कोंबलेले होते, त्यांना वैद्यकीय उपचार मिळत नव्हते, आणि सर्वोच्च न्यायालयाने ही संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणण्याचा आदेश कायम केला. प्रस्ताव ४७ आल्यावर काही महिन्यांतच राज्याने ती मर्यादा गाठली.

आता त्या मराठी घरांकडे वळू जिथे हा विषय दुसऱ्या कुणाचा समजून बोलला जातो. अमेरिकेत ग्रीन कार्डावर किंवा व्हिसावर राहणाऱ्या माणसासाठी फेलनी आणि मिसडिमीनर यांतला फरक देशात राहण्याचा किंवा हाकलले जाण्याचा असू शकतो. केंद्रीय स्थलांतर कायद्यानुसार, प्रवेशानंतर पाच वर्षांच्या आत केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा सिद्ध झाला आणि त्याला एक वर्ष किंवा अधिक शिक्षा ‘होऊ शकत’ असेल, तर परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येतं. प्रत्यक्षात त्याने एक दिवसही तुरुंगात काढला नसला तरी. कॅलिफोर्नियात मिसडिमीनरची कमाल शिक्षा पूर्वी ३६५ दिवस होती, म्हणजे बरोबर त्या रेषेवर. २०१४ मध्ये सिनेटर रिकार्डो लारा यांच्या विधेयकाने ती ३६४ केली. त्या एका दिवसाने असंख्य कुटुंबं एकत्र राहिली. समजा ग्रीन कार्ड मिळून तीन वर्षं झालेल्या एखाद्या तरुणावर हजार-दीड हजार डॉलरच्या अपहाराचा आरोप आला. फेलनी सिद्ध झाली तर तो या कलमात सापडतो. तोच गुन्हा न्यायाधीशांनी मिसडिमीनर केला तर निदान या कलमातून सुटतो. तेव्हा त्याच्या आईवडिलांना ‘मोकाट सोडणं’ हे शब्द आठवणार नाहीत.

अर्थात, या कपातीने पाटी कोरी होते असंही कुणी समजू नये. गुन्हा सिद्ध झाल्याची नोंद राहतेच. अमली पदार्थांचं प्रकरण मिसडिमीनर झालं तरी स्थलांतर कायद्यात ते माणसाला अडकवू शकतं. २०१९ मध्ये तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल विल्यम बार यांनी असा निर्णय दिला की, राज्याच्या न्यायालयाने मागाहून शिक्षेची मुदत कमी केली, तरी मूळ खटल्यातल्या कायदेशीर दोषामुळे ती केलेली नसेल तर स्थलांतर खात्याने जुनीच मुदत धरावी. म्हणजे ज्या सवलतीला उधळपट्टी म्हटलं जातं, ती केंद्र सरकारसमोर अनेकदा तोकडीच पडते.

छोट्या चोरीला छोटी शिक्षा ही कल्पना मराठी वाचकांच्या देशातही आता कायद्यात आली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा आहे समाजसेवा. जुन्या कलम ३७९ खाली याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. त्यामुळे देशात चोऱ्या माफ झाल्या, असं कुणी म्हटलेलं नाही.

प्रस्ताव ३६ आता कायदा आहे. पण त्यातली तिसऱ्या चोरीची फेलनीदेखील वॉबलर आहे, काउंटी तुरुंगातलं एक वर्ष हा पर्याय तिच्यात शिल्लक आहे, आणि म्हणून कलम १७ (ब) तिलाही लागू पडतं. न्यायाधीशांनी तो अधिकार वापरायला हवा, आणि तो वापरणाऱ्या न्यायाधीशांना निवडणुकीत ‘गुन्हेगारधार्जिणे’ म्हणून पाडण्याची मोहीम निघेल तेव्हा कॅलिफोर्नियातल्या मराठी मतदारांनी तिच्या विरोधात उभं राहायला हवं. ज्यांना मताधिकार नाही, जे अजून व्हिसावर आहेत, त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं: स्वतःवर किंवा घरच्या कुणावर आरोप आला, तर गुन्हा कबूल करण्याआधी देशात राहण्यावर त्याचा काय परिणाम होईल हे सांगणं वकिलावर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘पडिया विरुद्ध केंटकी’ खटल्यात हे ठरवून दिलं आहे. राज्यांतल्या दर शंभर शिक्षांपैकी सुमारे ९४ खटला न चालता, कबुलीवरच होतात. सही करण्याआधी वकिलाला विचारा की हा गुन्हा मिसडिमीनर होऊ शकतो का.